लिनक्स-युनिक्सवर मराठी टाइप करताना: क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं

दोन तक्रारी सारख्या कानावर येतात. पहिली: “मांडणी बदलली, तरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.” दुसरी: “‘दुसऱ्या’ हा शब्द डोळ्यांसमोर आहे, पण शोधला तर सापडत नाही.” दोन्हींचं मूळ एकच. मराठी टाइप करायचं म्हटलं की लोक थेट कळफलकाच्या सेटिंगला हात घालतात. खरं तर कळफलकाची पाळी तिसरी. आधी संकेतन (प्रत्येक अक्षर संगणकात कोणत्या आकड्यांनी साठवायचं ते), मग फॉण्ट, मग मांडणी (कोणत्या कळीवर कोणतं अक्षर), त्यानंतर इनपुट पद्धत (कळांचं अक्षरांत रूपांतर करणारा प्रोग्राम) आणि शेवटी अक्षरांचा क्रम. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीवर जाऊ नका. बिघाड नेमका कुठे आहे ते कळेनासं होतं.

लेखात आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत, नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करायची.

## ० : तयारी

तीन गोष्टी आधी ठरवा.

पहिली, तुमच्या बोटांना काय येतं? इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींची प्रमाण मांडणी), जुना टंकयंत्राचा कळफलक, की इंग्रजी उच्चारावरून मराठी? काहीच येत नसेल तर इनस्क्रिप्ट शिका. पहिले काही दिवस जड जातं, पण ती जवळजवळ प्रत्येक प्रणालीत आधीपासून असते, त्यामुळे यंत्र बदललं तरी नव्याने शिकावं लागत नाही.

दुसरी, तुमचं सत्र एक्स-११चं आहे की वेलँडचं? (पडदा आणि कळफलक सांभाळणाऱ्या या दोन वेगळ्या व्यवस्था.) टर्मिनलमध्ये ‘एको’ आज्ञेने एक्सडीजी सेशन टाइप या चलाची किंमत बघा. इंटरनेटवरचे निम्मे उपाय फक्त एक्स-११साठी लिहिलेले आहेत. ते वेलँडवर केले की काहीच घडत नाही आणि चूकही दाखवली जात नाही.

तिसरी, कसोटीचं वाक्य. खालचं वाक्य इथून उचलून एका साध्या मजकूर-फाइलीत ठेवा:

ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये सूर्य, क्षितिज, हृदय, ज्ञान, दुःख आणि कुऱ्हाड हे शब्द लिहिले.

मराठीत जिथे जिथे गडबड होते त्या बहुतेक जागा या एका वाक्यात आहेत. प्रत्येक टप्प्यानंतर ही फाइल उघडून बघायची आहे.

## १ : संकेतन यूटीएफ-८ आहे ना?

यूटीएफ-८ म्हणजे युनिकोडची अक्षरं साठवण्याची नेहमीची रीत; लोकेल म्हणजे प्रणालीची भाषा आणि संकेतन यांची नोंद. टर्मिनलमध्ये ‘लोकेल’ ही आज्ञा द्या. एलसी-सीटाइप या ओळीच्या शेवटी यूटीएफ-८ दिसायला हवं. तिथे नुसतं ‘सी’ किंवा ‘पॉझिक्स’ असेल तर पुढे जाऊ नका. अशा लोकेलमध्ये ‘एलएस’ मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा उलट्या तिरप्या रेघा आणि आकडे दाखवते.

डेबियन आणि तिच्या कुळातल्या प्रणालींवर इटीसी फोल्डरातल्या लोकेल-डॉट-जेन फाइलीत हव्या त्या ओळीपुढचं हॅशचं चिन्ह काढा आणि ‘लोकेल-जेन’ चालवा. फ्रीबीएसडीवर लॉगिन-डॉट-कॉन्फ फाइलीत आपल्या वर्गासाठी चारसेट आणि लँग भरून नंतर ‘कॅप-एमकेडीबी’ चालवायला विसरू नका. ती चालवली नाही तर बदल लागू होत नाही. दोन्हीकडे लॉगआउट करून परत या.

इथला मोठा गैरसमज असा की मराठी टाइप करायला प्रणालीची भाषाच मराठी करावी लागते. तशी गरज नाही. इंग्रजी-यूटीएफ-८ लोकेल असलं तरी मराठी उत्तम टाइप होते. भाषा आणि संकेतन या वेगळ्या गोष्टी आहेत.

पडताळा: कसोटीची फाइल ‘फाइल’ या आज्ञेला द्या. उत्तरात यूटीएफ-८ आलं पाहिजे.

## २ : फॉण्ट

‘एफसी-लिस्ट’ला एमआर ही भाषा देऊन विचारा. एकही ओळ आली नाही, तर चौकोनांचं कारण सापडलं. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी आपल्या प्रणालीच्या पॅकेजांतून बसवा. फॉण्टची फाइल स्वतः आणून ठेवली असेल तर ‘एफसी-कॅश’ चालवा आणि उघडलेले प्रोग्राम बंद करून परत उघडा.

चौकोन गेले, पण ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात? मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श हवा. काही फॉण्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल तरच मराठी वळण उमटतं. लिब्रेऑफिसमध्ये ही नोंद ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या गटात करायची. त्याच गटात मराठीचा फॉण्टही स्वतंत्रपणे ठरतो. वरच्या पाश्चात्त्य गटातला फॉण्ट बदलत बसलात तर मराठी अक्षरं जागची हलणार नाहीत.

सावधान: शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉण्टांतला मजकूर मुळात रोमन संकेतांचा असतो, फक्त चेहरा देवनागरी. नवा फॉण्ट लावून तो वाचता येणार नाही. तो त्या त्या फॉण्टच्या रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो.

टर्मिनलबद्दल: अनेक टर्मिनलं जोडाक्षरं नीट जुळवत नाहीत, वेलांटी सुटी पडते, हलन्त उघडा दिसतो. म्हणून मजकूर बिघडला असं समजू नका आणि तो ‘दुरुस्त’ तर मुळीच करू नका. तीच फाइल फायरफॉक्समध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडून बघा. एक्स किंवा वेलँड नसलेल्या काळ्या पडद्यावरच्या कन्सोलमध्ये तर अपेक्षाच ठेवू नका. लिनक्सवर त्या फॉण्टात जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोयच नसते.

## ३ : कळफलकाची मांडणी

नोम डेस्कटॉपवर सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस या वाटेने जा आणि मराठीची एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट जोडा. केडीई डेस्कटॉपवर कीबोर्डच्या लेआउट विभागात हीच सोय आहे. हाताने करायचं असेल तर डेबियन कुळात इटीसी-डीफॉल्ट-कीबोर्ड या फाइलीत लेआउटच्या ओळीत ‘यूएस,इन’ आणि व्हेरिएंटच्या (प्रकाराच्या) ओळीत आधी स्वल्पविराम देऊन ‘,मराठी’ लिहा. उपलब्ध प्रकारांची यादी ‘लोकेलसीटीएल’ देते.

इथे तीन चुका होतात, आणि तिन्ही त्रासदायक आहेत.

स्वल्पविराम विसरणं. लेआउट दोन असतील तर व्हेरिएंटही दोन लागतात. इंग्रजीचा प्रकार रिकामा असला तरी त्याची जागा सोडायची, म्हणजे व्हेरिएंटची ओळ स्वल्पविरामाने सुरू होते. तो नसेल तर ‘मराठी’ हा प्रकार इंग्रजी लेआउटला लावायचा प्रयत्न होतो आणि काहीच चालत नाही.

मराठी आधी ठेवणं. इंग्रजी नेहमी पहिली. मराठी पहिली किंवा एकटीच ठेवली तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देवनागरीत जातो आणि तुम्ही स्वतःच्या यंत्राबाहेर अडकता. शिवाय कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही यांसारखे शॉर्टकट इंग्रजी मांडणी पहिली असली तरच भरवशाने चालतात.

तात्पुरत्या आज्ञेवर विसंबणं. ‘सेटएक्सकेबीमॅप’ने केलेला बदल सत्रापुरताच टिकतो, आणि वेलँडवर तर मूळ वेलँड प्रोग्रामांपर्यंत पोहोचतही नाही. प्रयोगासाठी ती वापरा, कायमच्या सोयीसाठी नको.

अजून एक. उजवा ऑल्ट ही इनस्क्रिप्टमध्ये तिसऱ्या पातळीची कळ आहे. फ्रेंच-स्पॅनिश चिन्हांसाठी तीच कळ ‘कंपोज’ (लागोपाठच्या कळांतून एक चिन्ह बनवणारी कळ) म्हणून दिली असेल तर दोन्हींची टक्कर होते. कंपोज मेनू कळीवर किंवा कॅप्स लॉकवर हलवा.

पडताळा: मांडणी बदलून इंग्रजी के, एच, जे दाबा. क, प, र आले पाहिजेत.

## ४ : इनपुट पद्धत, फक्त लागत असेल तर

इनस्क्रिप्ट वापरणार असाल तर हा टप्पा सोडून द्या. आयबस किंवा एफसीआयटीएक्स (इनपुट पद्धती चालवणारे प्रोग्राम) लागतं ते उच्चारावरून टाइप करणाऱ्यांना आणि टंकयंत्राच्या कळफलकाची सवय असणाऱ्यांना. दोन्हींपैकी एकच बसवा. दोन्ही एकाच वेळी चालू असली तर अर्ध्या प्रोग्रामांत एक आणि अर्ध्यांत दुसरी असा गोंधळ होतो.

१. आयबसचं एम-१७-एन इंजिन बसवा. त्यात मराठीसाठी आयट्रान्स, फोनेटिक, गमभन, रेमिंग्टन, टाइपरायटर अशा पद्धती मिळतात.

२. लॉगआउट करा. हे न केल्यामुळे नवी पद्धत यादीत दिसत नाही आणि लोक पॅकेज पुन्हा पुन्हा बसवत राहतात.

३. इनपुट सोर्सेसमध्ये पद्धत जोडा. बदलण्याची कळ नोमवर सुपर आणि स्पेस ही आहे.

४. नोम सोडून दुसरा डेस्कटॉप असेल तर जीटीके, क्यूटी आणि एक्स-मॉडिफायर्स हे तीन चल लागू शकतात. ते बॅश-आरसीत लिहू नका. चित्रमय सत्र ती फाइल वाचेलच असं नाही. डेबियन कुळात ‘आयएम-कॉन्फिग’ हे काम करून देतं. केडीईच्या वेलँड सत्रात मात्र सिस्टम सेटिंग्जमधल्या व्हर्च्युअल कीबोर्ड विभागात पद्धत निवडायची असते. ‘व्हर्च्युअल’ या नावामुळे तिथे कोणी बघत नाही.

उच्चारी पद्धतीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळा. आयट्रान्समध्ये लहान एन म्हणजे न, मोठा म्हणजे ण. लहान टी त, मोठा टी ट. ‘पाणी’चं ‘पानी’ होतं ते शिफ्ट सुटल्यामुळे.

## ५ : अक्षरं कोणत्या क्रमाने द्यायची

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या दिसत नाहीत म्हणून जास्त नुकसान करतात. नियम एकच: लिहिताना हात ज्या क्रमाने चालतो तो नाही, उच्चाराचा क्रम धरायचा. आधी व्यंजन, मग हलन्त किंवा स्वरचिन्ह, शेवटी अनुस्वार किंवा विसर्ग.

पहिली वेलांटी. कागदावर ती अक्षराच्या आधी येते, टाइप करताना नंतर. ‘कि’ म्हणजे क आणि मग ि. टंकयंत्रावर शिकलेल्यांची बोटं आधी वेलांटीकडे जातात. मग ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, किंवा वेलांटी मागच्या अक्षराला चिकटते. असं वर्तुळ दिसलं की क्रम चुकला, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

रफार. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर दिसतो, पण र आधी उच्चारला जातो, म्हणून आधी टाइप होतो: स, ू, र, हलन्त, य. इनस्क्रिप्टवर एम, टी, जे, डी, स्लॅश.

क्ष, ज्ञ, त्र, श्र. काही यंत्रांवर यांना स्वतंत्र कळ असते. एक्स-११च्या मांडणीत एका कळीला साधारण एकच संकेत देता येतो, म्हणून ती कळ तिथे सापडेलच असं नाही. घटक माहीत असले की अडत नाही: क, हलन्त, ष; ज, हलन्त, ञ; त, हलन्त, र; श, हलन्त, र. ‘ज्ञ’साठी ‘द, हलन्त, न, हलन्त, य’ हा उच्चार टाइप करू नका. तो ‘द्न्य’ होतो.

आ, ओ, औ. हे स्वतंत्र स्वर आहेत. अ देऊन त्याला काना जोडला तर काही फॉण्टांत हुबेहूब ‘आ’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती दोन अक्षरं आहेत. इनस्क्रिप्टवर ई ही कळ काना देते आणि शिफ्टसकट तीच कळ ‘आ’ देते. बाकीच्या स्वरांचंही तसंच, नियम शिकायला सोपा आहे.

विसर्ग. ‘दुःख’मध्ये अपूर्णविरामाचं चिन्ह घालण्याची सवय फार पसरली आहे. डोळ्याला फरक कळत नाही. शोध मात्र अडतो, आणि शुद्धलेखन तपासनीस शब्द तिथेच तोडतो. इनस्क्रिप्टवर विसर्ग शिफ्ट आणि हायफनच्या कळीवर आहे.

## ६ : दोन अवघड अक्षरं: ऱ्य आणि ॲ

‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’ यांतला आडवा अर्धा र ही मराठीची खास गरज. तो दोन रीतींनी मिळतो. पहिली: ऱ, हलन्त, य. दुसरी: र, हलन्त, रुंदीहीन जोडचिन्ह (पडद्यावर न दिसणारा संकेत), य. युनिकोड पहिली रीत सांगतं आणि दुसरी जुन्या मजकुराशी जुळवून घेण्यासाठी मान्य करतं. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारख्या. संकेत मात्र वेगळे, आणि युनिकोडचं सामान्यीकरणही (सारखी दिसणारी रूपं एकाच संकेतक्रमात आणणं) त्यांना एक करत नाही.

याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. काही वर्षं साठवलेल्या नोंदींत ‘दुसऱ्या’ शोधलं, तर निम्म्याच सापडल्या. मधल्या काळात मी टाइप करायची पद्धत बदलली होती. बाकीच्या नोंदी हरवल्या असं समजून त्यातल्या काही मी पुन्हा लिहिल्या, आणि नंतर त्या जुन्या फाइलींतच मिळाल्या.

इनस्क्रिप्टवर ऱ ही शिफ्ट-जे आहे. ‘कोऱ्या’ म्हणजे के, ए, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. सहा कळा. जुना मजकूर सुधारायचा असेल तर आधी प्रत काढून ठेवा, मग जुन्या रीतीतला ‘र्‍’ त्या मजकुरातूनच उचलून शोधा-बदला खिडकीत टाका आणि त्याजागी ‘ऱ्’ द्या. जोडचिन्हासकट उचललं गेलं पाहिजे. नुसता ‘र्’ उचलला तर सगळे रफार बदलून जातील.

‘ॲ’ची गोष्ट तशीच. मराठीचा ॲ हा ०९७२ या क्रमांकाचा स्वतंत्र संकेत आहे. तो युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीचे लोक अ आणि चंद्र असे दोन संकेत जोडत. तिसरा सारखा वाटणारा ‘ऍ’ मुळात ‘ए’वर चंद्र आहे, मराठीत तो नको. तुमच्या मांडणीत शिफ्ट-१ दाबल्यावर ‘ऍ’ येत असेल तर ‘ॲ’ क्रमांकाने द्या:

१. इंग्रजी मांडणीवर या. काही क्रमांकांत रोमन अक्षरंही असतात; मराठी चालू असताना त्यांच्या जागी देवनागरी चिन्हं उमटतात.

२. कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकदम दाबून सोडा. अधोरेखित यू दिसेल.

३. ०९७२ हे आकडे कळफलकाच्या नेहमीच्या इंग्रजी अंकांनी द्या आणि एंटर दाबा.

ही युक्ती जीटीकेवर (नोमच्या खिडक्या-बटणांच्या संचावर) चालणाऱ्या प्रोग्रामांत आणि आयबस चालू असेल तिथे लागू पडते. व्हिममध्ये इन्सर्ट अवस्थेत कंट्रोल-व्ही, यू आणि क्रमांक. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स, ८, एंटर आणि मग क्रमांक. रोज लागत असेल तर घरच्या फोल्डरात एक्स-कंपोज नावाची, टिंबाने सुरू होणारी फाइल करून कंपोज, ए, ई या क्रमाला ‘ॲ’ जोडा. त्या फाइलीची पहिली ओळ मूळ यादी आत घेणारी ‘इन्क्लूड’ची हवी, नाहीतर बाकीची सगळी कंपोज चिन्हं नाहीशी होतात.

## ७ : डोळ्यांवर नाही, संकेतांवर तपासा

कसोटीचं वाक्य आता स्वतः टाइप करा, दुसऱ्या फाइलीत साठवा आणि ‘डिफ’ने मूळ फाइलीशी ताडून बघा. काहीच उत्तर आलं नाही तर तुमची मांडणी आणि सवय दोन्ही बरोबर. फरक दिसला तर ‘एक्सएक्सडी’ने बाइट बघा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइटांचं असतं. ‘क’ म्हणजे ई०, ए४, ९५. मधेच ई२, ८०, ८डी हे त्रिकूट दिसलं तर ते रुंदीहीन जोडचिन्ह. एकटा ३ए दिसला तर तो अपूर्णविराम, म्हणजे विसर्गाची चूक. व्हिम वापरत असाल तर अक्षरावर कर्सर ठेवून जी-ए दाबा. त्या जागी जोडलेले सगळे संकेत खाली दिसतात.

## ८ : फाइलींची नावं आणि दूरचं यंत्र

लिनक्सवर फाइलीच्या नावाची मर्यादा बहुतेक ठिकाणी २५५ बाइट आहे. मराठीत ती ८५ चिन्हांवर येते, आणि काना-मात्रा-हलन्त सगळे त्यात मोजले जातात. लांब शीर्षकाची फाइल साठवताना ‘नाव फार मोठं’ असा नकार आला तर कारण हे.

मॅकच्या जुन्या एचएफएस-प्लस डिस्कवरून आलेल्या नावांत ‘ऱ’ हा ‘र’ आणि नुक्ता असा फोडलेला असतो. लिनक्स नावं बाइटनिशी ताडतं, म्हणून टाइप केलेलं नाव आणि डिस्कवरचं नाव जुळत नाही. ‘कॉनव्हएमव्ही’ला एनएफसी (फोडलेली चिन्हं पुन्हा जोडणारं सामान्यीकरण) हा पर्याय देऊन नावं एकसारखी करून घ्या. ती आधी नुसती यादी दाखवते. यादी वाचून पटली की मगच ‘नोटेस्ट’ जोडून खरा बदल करा.

गिट मराठी नावं आकड्यांत दाखवत असेल तर कोअर-डॉट-कोटपाथ ही सेटिंग ‘फॉल्स’ करा. फाइली शाबूत असतात.

एसएसएचने दुसऱ्या यंत्रावर गेल्यावर मराठी बिघडली तर तिथे ‘लोकेल’ चालवून पहिल्या टप्प्यापासून बघा. तुमचं लोकेल त्या यंत्रावर तयारच केलेलं नसतं, असं बहुतेक वेळा निघतं. मांडणी आणि फॉण्ट मात्र तुमच्याच यंत्राचे लागतात, तिथे काही बसवायची गरज नाही.